गप्प राहायची जागा

३ मार्च, मंगळवार

चिमे,

हे पत्र तुझ्या लेकीनं आधी फोडलं तरी चालेल. तीच फोडते, मला माहीत आहे. फोनवर माझा आवाज आला की तुझी गाय सुटते आणि तुला ठेवावा लागतो. एकोणीस वर्षं एकच गाय, तीही मी फोन करीन तेव्हाच सुटणारी. म्हणून कागद.

काम थोडंच आहे. रेडिओवाल्यांनी जुन्या टेपा बाहेर काढल्या आहेत. गावाकडच्या गाण्यांचा एक संच करणार आहेत. त्यात आपलं कापणीचं गाणं घेतलं आहे. म्हणजे मी गायलेलं. सोबत फॉर्म आहे. ‘गायिका’ असं छापलंय तिथं मी दोघींची नावं लिहिली आहेत. तुझ्या नावापुढे पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथं सही कर. पंचवीस तारखेच्या आत त्यांना हवं आहे.

बाकी इथं ठीक. दवाखान्याच्या शिवणखोलीत आता आम्ही दोघीच उरलो, मी आणि शेजारच्या मशीनवरची. चादरी नेहमी मधोमध विरतात, माणूस तिथंच झोपतं ना. मग ती मधून उभी फाडायची, बाहेरच्या चांगल्या कडा आत घेऊन जोडायच्या आणि विरलेला भाग कडेला टाकायचा. दिवसाला अशा वीस होतात. चादर निघते, पण मधे शिवण राहते. रोगी तक्रार करतात.

माझ्या गळ्यात गाठ आहे. लिंबाएवढी. चोवीस तारखेला काढणार. आमच्याच दवाखान्यात, म्हणजे मीच ठिगळ लावलेल्या हिरव्या चादरीखाली. शेजारची म्हणते, आधी सांगितलं असतंस तर दोरा जरा बरा घातला असता. डॉक्टर म्हणाले, आवाजाची नस गाठीला चिकटून जाते. जपू म्हणाले. काळजी करण्यासारखं नाही.

सही मात्र कर.

ताई


९ मार्च, सोमवार

चिमे,

काल तुझ्या लेकीचा फोन आला.

“मावशी, आई म्हणाली, तिच्या गाण्याला माझी सही कशाला?”

“अजून काय म्हणाली?”

“अजून काही नाही. म्हणजे म्हणाली, पण ते मी नाही सांगणार.”

“बरं. गाय कशी आहे?”

“कुठली गाय? गाय विकून चार वर्षं झाली, मावशी.”

बरं झालं कळलं.

तुझा राग टेप केली त्या दिवसाचा आहे, म्हणून एकदा नीट लिहिते. इतक्या वर्षांत कुणी नीट सांगितलंच नाही. आपण लग्नांत भेटलो तेव्हा तू भांड्यांविषयी बोललीस आणि मी हवेविषयी.

गावच्या घरी आलेला रेडिओचा माणूस घाईत होता. पुढच्या गावी जायचं होतं त्याला. एकच माईक होता आणि टेप अर्ध्या तासाची. त्याला सगळं गाणं सलग हवं होतं, बावीसच्या बावीस कडवी. तू परसात होतीस. हाक मारायला वेळ नव्हता. तू चहा घेऊन दारात आलीस तेव्हा गाणं सुरू झालं होतं, आणि सुरू झालेलं मधे तोडता येत नव्हतं, कारण टेप वाया गेली असती. म्हणून मी तुझी कडवीही म्हटली. वाईट काही मनात नव्हतं. नंतर रेडिओवर एकट्या माझंच नाव सांगितलं, त्यात माझा हात नव्हता. रेडिओवर नावं सांगणारी बाई समोरचा कागद वाचते.

असं झालं होतं.

गिळताना दुखतं आता थोडं. घरात कुणी नसलं की मी पहिलं कडवं म्हणून बघते. वरचा सूर अजून लागतो. तिथं पोचले की मी थांबते. पुढचं तुझं आहे.

त्या फॉर्मचं बघ.

ताई


१४ मार्च, शनिवार

चिमे,

आज रेडिओच्या ऑफिसात गेले होते. सही झाली नाही हे सांगायला. जुन्या टेपांचं काम एक मुलगी बघते. तुझ्या लेकीएवढीच असेल. मला मावशी म्हणते. खोलीच्या भिंतींना सतरंजीसारखं जाड कापड मारलंय, आत बोललं की शब्द तोंडापाशीच पडतो. तिनं मला खुर्चीत बसवलं आणि टेप लावली.

मी एकोणचाळीस वर्षांची होते तेव्हा. आवाज चांगला होता, चिमे. खोटं कशाला बोलू? पण तुझं कडवं आलं की मी श्वास चोरून घेत होते. तू असताना तुझं कडवं म्हणजे माझा श्वास. तू म्हणायचीस तोवर मी विळा चालवत दम घ्यायचे. टेपवर ती बाई बावीस कडवी दम न घेता ओढते. शेवटी शेवटी नुसती धावते आहे.

मुलीनं विचारलं, “मावशी, हे दोघींचं गाणं आहे ना? बांधणीच तशी आहे. एक विचारते, एक उत्तर देते.”

मग तिला सांगितलं. कापणीच्या दोन ओळी असायच्या. एक ओळ या बांधाकडून निघायची, दुसरी त्या बांधाकडून, आणि शेताच्या मधे गाठ पडायची. या ओळीनं एक कडवं म्हणायचं, समोरच्या ओळीनं त्याला दुसरं. आम्ही दोघी बहिणी रोज भांडायचो. आईनं एकीला या ओळीत उभं केलं, दुसरीला त्या. कडवी वाटून दिली. अकरा मला, अकरा तिला. म्हणाली, “घर नाही, जमीन नाही, वाटून द्यायला माझ्याकडे हेच आहे. आता एकीवाचून दुसरीचं गाणं पुढं सरकणार नाही. बघू किती भांडता.”

“म्हणजे तुमची कडवी दुसरं कुणी म्हणत नाही?”

“ज्याचं कडवं त्यानं म्हणायचं. दुसऱ्याला हवं असेल तर त्यानं मागायचं, आणि ज्याचं आहे त्यानं तोंडानं म्हणायचं, ‘दिलं.’ मग ते त्याचं. लिहून दिलेलं चालत नाही.”

तिनं टिपणांची वही चाळली. मग म्हणाली, “मग मला एक कळलं नाही. मी गेल्या आठवड्यात तुमच्या गावी जाऊन आले. तिथं एक बाई कापणीवरच्या मुलींना शिकवतात. नाव रेकॉर्डिंगवर नको म्हणाल्या. हे ऐका.”

तिनं दुसरं काहीतरी लावलं.

आधी काहीच नव्हतं. मला वाटलं मशीन बंद पडलं. मग विळ्यांचा आवाज आला. खस्स, खस्स. आठ वेळा. आणि मग मुलींनी दुसरं कडवं उचललं. पहिलं नाहीच. दुसरं झालं, पुन्हा गप्प. आठ विळे. मग चौथं.

अख्खं गाणं तसं. सातव्या कडव्याला मी खुर्चीची कड धरली. माझं सातवं:

ऊन चढलं डोक्यावर, पाणी कुणी आणावं
धाकटीच्या ओठांवरून थोरलीनं जाणावं

तिथं नुसते विळे चालले होते. मग मुलींनी तुझं आठवं म्हटलं:

पाणी आणलं ओंजळीत, वाटेतच गळालं
ओला हात चाखला, तेवढ्यानं कळालं

पाणी कुणी मागितलंच नव्हतं, आणि आलं.

मुलगी सांगत होती, “मी विचारलं त्यांना, मधे गप्प का? तर म्हणाल्या, तिथं गप्प राहायचं असतं, शिकवलंय तसं. मुलींना वाटतं गाणं असंच आहे. मला वाटलं फार जुनी रीत असेल. पूर्वजांसाठी जागा सोडतात की काय. मी टिपणात तसं लिहिलंय.”

मी म्हटलं, “खोड ते. पूर्वज अजून दवाखान्यात चादरी शिवतोय.”

ती हसली. मग माझ्याकडे बघून हसायची थांबली.

मी पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. प्रत्येक वेळी माझ्या जागी मी तोंड उघडायचं ठरवलं होतं. त्या कापडाच्या खोलीत कुणाला ऐकू गेलं असतं? पण नाही निघालं. गाठीमुळं नव्हे.

एकोणीस वर्षं तू माझी जागा राखलीस. मी तुझी एका सकाळीत खाल्ली.

आज एवढंच.

ताई


१७ मार्च, मंगळवार

चिमे,

मागचं एक पत्र फाडून टाक. नऊ तारखेचं. लेकीनं वाचलं असेल तर तिलाही सांग, मावशी खोटं बोलली.

चहा घेऊन तू दारात आलीस तेव्हा गाणं सुरू झालं नव्हतं. माणूस माईकची वायर सोडवत बसला होता. त्याला कसलीही घाई नव्हती. त्यानं मला विचारलं, “अजून कुणी गातं का घरात?” मी म्हटलं, “नाही. धाकटीला नाही येत.”

तू उंबऱ्यात होतीस. ट्रेमध्ये तीन कप होते. तीन, म्हणजे तूही बसणार होतीस. तू ट्रे खाली ठेवलास, एक कप उचललास आणि मागच्या दारानं गेलीस. चहा सांडला नाही. मला अजून दिसतं ते.

का म्हटलं, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आणि दर वेळी निराळं उत्तर दिलं. खरं एवढंच आहे. आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शेवटचं वर्षभर तिच्या उशाशी तू होतीस, मी इथं. मला निरोप पोचला तोवर तुम्ही स्मशानातून परतला होतात. मला वाटलं, आई हिच्या वाट्याला गेली. गाणं तरी सगळं माझं असू दे.

त्या टेपनं मला पुष्कळ दिलं. शिवणखोलीत मला ‘रेडिओवाली’ म्हणायला लागले. दर कापणीला सकाळी गाणं लागायचं आणि वॉर्डातल्या नर्सा दारात येऊन सांगायच्या. मी मान खाली घालून शिवत राहायचे. त्यांना वाटायचं मी लाजते.

ती टेप संचात घालू नका म्हणून काल सांगून आले. मुलीला वाईट वाटलं. म्हणाली, “मावशी, लोकांना फार आवडते ती.” मी म्हटलं, “लोकांना माहीत नाही.” फॉर्म परत घेतला. तुझ्या सहीची आता गरज नाही. त्याऐवजी मुलींचं गप्प गाणं घेतायत. तुझं नाव नाही, तशीच अट घातलीस ना? आईचीच मुलगी आहेस तू.

माझी अकरा कडवी लिहून पाठवणार होते. दोन कागद खराब केले. लिहिलेलं चालत नाही.

चोवीसला गळा कापतील. त्याआधी येते. शुक्रवारी, सकाळच्या बसनं. तुझ्या घरी येणार नाही. शेतावर येईन, समोरच्या बांधावर, जिथं माझी ओळ उभी राहायची. नको असेल तर काही बोलू नकोस. मी मुलींचं ऐकेन आणि दुपारच्या बसनं परत येईन.

ताई


२८ मार्च, शनिवार

चिमे,

मला तीन आठवडे बोलायचं नाही. शेजारच्या मशीनवरची म्हणते, खोलीत इतकी शांतता कधी नव्हती, हिची गाठ दर वर्षी काढा. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत ती दुसऱ्या विषयावर गेलेली असते. म्हणून तुला लिहिते. तुला मधे बोलता येत नाही.

शुक्रवारी तू तिथं होतीस, पण बराच वेळ पाठमोरी होतीस. म्हणून माझ्या बाजूनं काय दिसलं ते सांगते.

समोरची ओळ नव्हतीच. सगळ्या मुली तुझ्या बांधाकडून निघाल्या होत्या, नऊ जणी. माझ्या बाजूला नुसतं उभं पीक. तू मागं पेंढ्या बांधत होतीस. उंच मुलीनं मला आधी पाहिलं.

“काकू, कुणीतरी आलंय.”

“येऊ दे. बांध काय माझ्या एकटीचा आहे?”

आणि पाठ वळवलीस. केस पांढरे झाले तुझे. मानेवरचे आधी झाले, आईसारखेच.

मुली वाकल्या. गाणं सुरू झालं, म्हणजे गप्प झालं. आठ विळे. माझं पहिलं कडवं त्या विळ्यांखालून सरळ निघून गेलं आणि मी बांधावर उभी. मग तुझं दुसरं. मग माझं तिसरं, तेही गेलं. पाचवं गेलं. मी तुझ्या पाठीकडं बघत होते. मला वाटत होतं, आता बस किती वाजता आहे ते आठवावं.

सातव्याला, पेंढीची दोरी आवळता आवळता, न वळता तू म्हणालीस, “काय गं, गळा आधीच काढून ठेवलास का दवाखान्यात?”

एकोणीस वर्षांत मला म्हटलेलं हे तुझं पहिलं खरं वाक्य. त्याच्याआधीचं एका लग्नातलं होतं, आणि ते पातेल्याविषयी होतं.

मी नवव्याला तोंड उघडलं. आवाज फुटला, दोन जागी. खालची ओळ तर मी अर्धी बोललेच. विळे थांबले. दात पडलेली ती लहान मुलगी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि मला म्हणाली, “ओ आजी, इथं गप्प राहायचं असतं.”

सगळ्या हसल्या. तू नाही हसलीस. तिला म्हणालीस, “तिला ठाऊक नाही. बाहेरगावची आहे ती.”

हे मी खाल्लं. खायलाच आले होते.

मग तू पेंढी उचलून रचलीस, हात झटकलेस आणि म्हणालीस, “म्हणू दे तिला.”

दुपारभर मी त्यांना माझी कडवी दिली. एकेक म्हणायचे, त्या म्हणायच्या, मग मी म्हणायचे, ‘दिलं.’ लहानीचं मन अजून मानत नव्हतं. दर कडव्याला तुझ्याकडं बघायची, की हे चालतंय ना. सहा झाली. अकरावं दिलं आणि माझा गळा बसला. नुसती हवा यायला लागली. मुली वाट बघत होत्या. तू म्हणालीस, “पुरे आता, कामं पडलीत,” आणि विळा उचललास. तू मला रागावली नव्हतीस, माझी सुटका केलीस. हे मला बसमध्ये बसल्यावर कळलं.

तू रस्त्यापर्यंत आली नाहीस. मी मागं वळून तीनदा पाहिलं. यायला हवं होतं असं नाही म्हणत. वळले होते, एवढंच सांगते.

काल डॉक्टरांनी ‘आ’ म्हणायला सांगितलं. जे निघालं ते फरशीवरून पेटी ओढल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, छान. नर्सही म्हणाली, छान. ती दर कापणीला दारात येणारीच नर्स आहे. छान म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सहा महिन्यांत कदाचित सुधारेल, कदाचित एवढाच राहील. एवढ्यात मीठ मागता येईल. कडवं देता येणार नाही.

तेव्हा ऐक. माझी पाच उरली आहेत. तेरावं, पंधरावं, सतरावं, एकोणिसावं, एकविसावं. ती तुला येतात. नाही येत म्हणू नकोस. मला तुझी येत होती, त्यानंच तर सगळं झालं. तू मुलींना शिकव. लिहून दिलेलं चालत नाही आणि मला सध्या तोंड नाही, म्हणून मी शेजारच्या मशीनवरचीला तयार केलंय. ती उद्या तुझ्या लेकीला फोन करून माझ्या जागी ‘दिलं’ म्हणणार आहे. चार वेळा. नियमात बसतं की नाही ते तू ठरव. तिचा आवाज भसाडा आहे, घाबरू नका.

चार वेळाच. एकविसावं मी देत नाही.

तिथं मुलींना अजून गप्प राहू दे. त्यांना ते येतं, लहानीला तर फारच चांगलं येतं. आठ विळे, आणि मग तुझं शेवटचं.

पुढच्या कापणीला मी येईन. आवाज आला असेल तर तिथं म्हणेन. नाही आला, तर विळा घेऊन ओळीत उभी राहीन आणि तेवढा वेळ मीही गप्प राहीन.

ताई